हे राख नोहे

आमच्या जुन्या घराच्या न्हाणीपाशी डालडाचा एक रिकामा डबा असे. त्यात आजी चुलीतली राख चाळून भरून ठेवायची. भांडी घासायला तीच राख, तुरीच्या डब्यात किडे होऊ नयेत म्हणून मिसळायला तीच, आणि वांग्यांवर मावा पडला की फडक्यात बांधून झाडांवर झटकायलाही तीच. मी सात-आठ वर्षांचा असताना घरी गॅस आला. चूल अंघोळीच्या पाण्यापुरती उरली आणि डबा वरचेवर रिकामा पडू लागला.

खरं तर आमच्या गावाला राखेची ददात नव्हती. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रापासून दोन-अडीच किलोमीटरवर आमचं गाव. केंद्राचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते एका केंद्रापुरतं नाही. बाबा त्याच केंद्रात राख हाताळणी विभागात कामाला होते. आजीचा डबा रिकामा पाहून त्यांनी एक दिवस कामावरून पिशवीभर कोरडी राख आणली. मऊ, पिठासारखी, करडी. आजीने कढई घेतली, नारळाच्या शेंडीवर राख घेतली, दोन-चार हात मारले आणि थांबली. म्हणाली, "हे राख नोहे. हाताले लागतच नाही, नुस्ती घसरते."

बाबा हसले. मीही हसलो. पुढे मी इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं. तिसऱ्या वर्षाला वीज केंद्रांचा विषय होता, त्यात राख हाताळणीवर चार मार्कांची टीप हमखास यायची. टीप पाठ केली, मार्क मिळाले, आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांसारखा मीही पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये लागलो. आजीचं ते वाक्य परत आठवलं ते तीन वर्षांपूर्वी, ती गेल्यानंतर. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी राखेबद्दल सापडेल ते वाचतो आहे. आजी शब्दशः बरोबर होती, हे त्यातून कळलं. ते कसं, हेच या लेखात सांगायचं आहे.

दोन राखा

लाकडाची राख म्हणजे झाडाने आयुष्यभर जमिनीतून उचललेले क्षार. त्यात कॅल्शियम असतं, पोटॅशियम असतं. लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी भांड्यात आटवून जो क्षार मिळायचा त्याला युरोपात पोटॅश म्हणत. पोटॅशियम या मूलद्रव्याचं नाव त्यावरूनच आलं. हा क्षार तेलकटाला लागला की त्याचा थोडा साबण होतो. म्हणून चुलीची राख भांड्याचा ओशटपणा काढते, आणि म्हणूनच ती परसातल्या वेलींना मानवते. झाडाने जमिनीतून घेतलेलं जमिनीला परत मिळतं.

दगडी कोळशाची राख वेगळी. कोळसाही झाडांचाच झालेला असला तरी आपल्याकडच्या कोळशातली राख मुख्यतः झाडांची नाही. भारतातला बहुतेक कोळसा गोंडवन काळातला आहे, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हाच्या नद्यांनी पालापाचोळा, खोडं वाहून आणली आणि गाळासकट खोलगट भागांत साठवली. त्यामुळे आपल्या कोळशात माती आणि वाळूचे कण इतके मिसळून गेले आहेत की ते धुऊनही पुरते निघत नाहीत. आपल्या वीज केंद्रांत जाळल्या जाणाऱ्या कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं. परदेशातून येणाऱ्या चांगल्या कोळशात ते दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे कोळशाच्या तीन वाघिणी भरून आल्या तर त्यातली एक जवळजवळ मातीचीच असते. ही माती रेल्वेने शेकडो किलोमीटर येते, भट्टीतून जाते आणि केंद्राच्या दाराशी साचते.

तेव्हा आजी म्हणाली ते खरंच. ती राख नव्हती. एका फार जुन्या नदीचा तो भाजलेला गाळ होता.

बायोमासचं गणित आणखी तिसरंच. उसाच्या चिपाडात राख अगदी थोडी, एक-दोन टक्के. पण पूर्व विदर्भातल्या राइस मिलवाल्यांना विचारा, भाताचा कोंडा जाळला की पाचवा हिस्सा राख उरते आणि त्यातली बहुतेक निव्वळ सिलिका असते. २०२१ पासून कोळशाच्या केंद्रांनी शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेट्स काही टक्के मिसळून जाळाव्यात असं केंद्र सरकारचं धोरण आहे. अर्थात बहुतेक भाग कोळसाच राहणार असेल, तर राखेचा डोंगर कोळशाचाच राहणार.

राख दिसू लागली ती केव्हा

"हाताले लागत नाही, घसरते" या वाक्यालाही इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बॉयलरमध्ये कोळसा ढेकळांच्या रूपात, लोखंडी जाळीवर जळत असे. राख जाळीखाली पडायची आणि माणसं ती फावड्याने ओढायची. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, वनायडा स्ट्रीट नावाच्या वीज केंद्रात वेगळा प्रयोग झाला. कोळसा पिठासारखा दळायचा आणि हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकायचा. ज्योत अधांतरी पेटते, कोळसा जवळजवळ पूर्ण जळतो, आणि त्याच कोळशात जास्त वाफ मिळते. पुढच्या काही दशकांत जगभरची मोठी केंद्रं याच पद्धतीवर गेली. आजही आपली बहुतेक केंद्रं याच पद्धतीने चालतात.

यातून राखेचं रूप बदललं. मातीचे बारीक कण त्या ज्योतीत वितळतात. वितळलेला थेंब हवेत असतो, म्हणून पावसाच्या थेंबासारखा गोल होतो आणि बाहेर पडता पडता गोठतो. कणांची मापं एका मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काचेच्या गोट्या दिसतात. काही आतून पोकळ असतात, त्या पाण्यावर तरंगतात. आजीच्या हाताखाली अशा लाखो गोट्या होत्या. त्या घासणार कशा? त्या बेअरिंगसारख्या फिरत होत्या.

दळलेल्या कोळशाच्या राखेपैकी फक्त वीसेक टक्के खाली पडते. उरलेली ऐंशी टक्के धुराबरोबर वर जाते. सुरुवातीला ती तशीच आकाशात सोडली जात होती. म्हणजे तिला कुणी राख म्हणतच नव्हतं, धूर म्हणत होतं. मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, कलकत्त्यात त्याच्याही आधी, १९०५ साली. या कायद्यांचं लक्ष्य काळा धूर हे होतं. कापडाच्या गिरण्यांच्या चिमण्या लोकांच्या डोळ्यांवर येत होत्या. राख हा प्रश्न कायद्याच्या भाषेत अजून जन्मायचा होता. मुंबईपुरतं बोलायचं तर शहराची पहिली मोठी वीज पाण्याची होती. १९१५ साली खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि बऱ्याच गिरण्यांना विनाधुराची वीज मिळू लागली. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं ते १९५६ साली. त्या मधल्या काळात वीज म्हणजे स्वच्छ, ही समजूत मध्यमवर्गात मुरली असावी असं मला वाटतं. चिमणी गावाबाहेर आणि बटण घरात.

धुरातून राख वेगळी काढण्याची युक्ती फ्रेडरिक कॉट्रेल या कॅलिफोर्नियातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची. ॲसिडच्या कारखान्यातले बाष्पकण पकडायला त्याने १९०७-०८ च्या सुमारास उच्च दाबाच्या विजेचा वापर केला. कणांना विद्युतभार द्यायचा आणि विरुद्ध भाराच्या पत्र्यांकडे खेचून घ्यायचं. पेटंटमधून येणारा पैसा स्वतः न घेता त्याने १९१२ मध्ये संशोधनाला मदत करणारी एक संस्था उभी केली. १९२० च्या दशकात हे यंत्र अमेरिकेतल्या वीज केंद्रांत बसू लागलं. बाबा ज्याला 'इएसपी' म्हणायचे ते हेच. भारतात सुरुवातीच्या अनेक केंद्रांत साधे यांत्रिक गाळणे असत, बरीचशी राख त्यातून निसटायची. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आल्यानंतर इएसपी हळूहळू सगळीकडे आले.

या यंत्राने फार मोठं काम केलं यात शंका नाही. आमच्या आईच्या लहानपणी गच्चीवरच्या वाळवणावर जेवढी राख पडायची, तेवढी माझ्या लहानपणी पडत नव्हती. पण जी राख पूर्वी पन्नास मैलांवर विखुरत होती, ती आता हॉपरमध्ये टनांनी साचू लागली. ती कुठेतरी ठेवणं आलं. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे तिच्यात पाणी मिसळायचं, पाइपने वाहून न्यायची, मातीचा बंधारा घालून केलेल्या तळ्यात सोडायची. त्या तळ्याला लागणारी जमीन कुणाची, हा प्रश्न तिथे सुरू होतो.

आमच्या बाबतीत ती आबांची होती. माझ्या आजोबांची साडेतीन एकर, कोरडवाहू, कपाशी आणि तुरीची. १९८० च्या दशकात ती राखेच्या तळ्यासाठी गेली. मोबदला मिळाला, तो घर दुरुस्त करण्यात आणि आत्याच्या लग्नात संपला. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर बाबांना नोकरी लागली. त्या नोकरीच्या पगारावर मी शिकलो. म्हणून या विषयावर मला सरळ रागावता येत नाही.

धरणाच्या पोटातली राख

राख टाकाऊ आहे, असं इंजिनिअरांनी कधीच पूर्णपणे मानलं नव्हतं. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत. तो गारा पाण्याखालीही घट्ट होतो, असं विट्रुवियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, चुन्यात घालत. १८९५ मध्ये पुरं झालेलं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीचं आहे.

१९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रेमंड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशाच्या उडत्या राखेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'फ्लाय ॲश' हा शब्द काँक्रीटच्या जगात रुळला तो तिथून. कल्पना अशी: सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून थोडा चुना मोकळा राहतो. राखेतली काचेसारखी सिलिका त्या चुन्याला धरते आणि आणखी बंध तयार करते. शिवाय काँक्रीट घट्ट होताना उष्णता निघते, ती राखेमुळे कमी होते. घराच्या स्लॅबला याने फारसा फरक पडत नाही. पण धरणासारख्या प्रचंड ठोकळ्यात ती उष्णता अडकून तडे जातात. त्यामुळे धरणवाल्यांना राख हवीहवीशी झाली. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या हंग्री हॉर्स धरणात, १९४८ ते १९५३ या काळात, लाखाहून अधिक टन राख वापरली गेली.

भारतात ती पहिल्यांदा वापरली गेली रिहंदला. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, आजच्या सोनभद्र जिल्ह्यात पिपरी इथे, रिहंद नदीवर हे काँक्रीटचं धरण बांधायला १९५४ मध्ये सुरुवात झाली आणि १९६२ मध्ये ते पुरं झालं. लांबी ९३४ मीटर, उंची ९१ मीटर. सिमेंटचा तेव्हा तुटवडा होता. सिमेंटच्या सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जागा राखेने घेतली. त्या काळी सिंगरौली पट्ट्यात कोळशावरचं मोठं वीज केंद्र नव्हतंच, त्यामुळे राख बाहेरून आणावी लागली.

हे वाचताना मी एकदा लॅपटॉपवरून उठून खिडकीपाशी जाऊन आलो. राख बाहेरून आणावी लागली, आणि तीही सिंगरौलीला.

धरणामागचा गोविंद वल्लभ पंत सागर हा देशातल्या सर्वांत मोठ्या कृत्रिम जलाशयांपैकी एक. त्यात शंभराहून अधिक गावं बुडाली, हजारो कुटुंबं उठली. त्यातले पुष्कळजण आदिवासी. बरेचसे लोक जलाशयाच्या काठावरच वर सरकले, जंगल तोडून नवी शेतं केली. धरणाच्या ३०० मेगावॉट विजेवर रेणुकूटचा ॲल्युमिनियम कारखाना उभा राहिला. मग लक्षात आलं की जलाशयाच्या काठाला कोळसा आहे आणि शेजारी अथांग पाणी आहे. औष्णिक केंद्राला याहून चांगली जागा मिळणार नाही. १९६० च्या दशकात रेणूसागर आलं. १९७७ मध्ये जागतिक बँकेने राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाला पहिलं कर्ज दिलं ते सिंगरौली केंद्रासाठी. १९८२ मध्ये त्याचा पहिला संच सुरू झाला. त्यानंतर त्याच दशकात अनपरा, विंध्याचल आणि रिहंद ही औष्णिक केंद्रं आली. धरणामुळे उठलेली माणसं खाणींसाठी, केंद्रांसाठी, आणि मग राखेच्या तळ्यांसाठी पुन्हा उठली. काही कुटुंबं तीनदा. १९९७ मध्ये सिंगरौलीतून पुनर्वसनाबद्दलची तक्रार जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेली होती.

यातलं विंध्याचल केंद्र ४,७६० मेगावॉटचं, देशातलं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र. त्याची वीज पश्चिम विभागातल्या राज्यांना जाते. त्यांत महाराष्ट्र आहे, गोवाही आहे. तेव्हा पुण्यात बसून ज्या लॅपटॉपवर हे लिहितो आहे, त्याच्या चार्जरमध्ये सिंगरौलीचा वाटा नाही असं मला म्हणता येणार नाही. साधा हिशेब केला. एक युनिट विजेला साधारण ६५० ग्रॅम कोळसा. राख ३५ टक्के धरली तर एका युनिटमागे २२५ ग्रॅमच्या आसपास राख. माझं बिल महिन्याला १२० युनिट. सगळी वीज कोळशाची मानली तर महिन्याला सत्तावीस किलो. आजीचा डालडाचा डबा भरायला दोन आठवडे लागायचे.

बंधारे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सिंगरौली जिल्ह्यातल्या एका खासगी केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बंधारा फुटला आणि शेतं राखेखाली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंध्याचलच्या तळ्याचा बंधारा फुटला. राखेचा लोंढा रिहंदच्या जलाशयात गेला. १० एप्रिल २०२० ला, देश टाळेबंदीत घरात बसलेला असताना, सासन प्रकल्पाचा बंधारा फुटला. त्यात सहाजण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. आठ महिन्यांत तीन बंधारे.

ज्या धरणात देशातली पहिली राख सिमेंट म्हणून घातली, त्याच धरणाच्या पाण्यात आता राख गाळ म्हणून जाते आहे. या राखेबरोबर आणखीही काही जातं. कोळशात पारा, आर्सेनिक, शिसं अशा धातूंचा अंश असतो. जाळल्यावर कोळसा एक-तृतीयांश उरतो, त्यामुळे उडून न गेलेले धातू राखेत दाट होतात. पारा बराचसा धुरातून जातो. २०१२ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने सोनभद्रातल्या माणसांचं रक्त, पाणी आणि मासे तपासले, तेव्हा त्यांत पारा सापडला. या जलाशयाचं पाणी आजूबाजूचे लोक पितात.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात किंग्स्टन केंद्राचा बंधारा कोसळला. सुमारे ४१ लाख घनमीटर राख तीनशे एकरांवर आणि एमरी नदीत पसरली. त्या लोंढ्यात कुणी मेलं नाही. पण पुढे ज्या कामगारांनी ती राख उपसली त्यांच्यातल्या अनेकांना आजार जडले आणि त्यांना वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. राखेच्या तळ्यांसाठी संपूर्ण देशाला लागू होणारे नियम अमेरिकेने केले ते २०१५ मध्ये, म्हणजे डेव्हिस यांच्या निबंधानंतर ७८ वर्षांनी. राखेचा उपयोग काय हे लवकर शोधलं गेलं. ती ठेवायची कशी, हे सगळीकडे अपघातानंतरच सुचलं.

महाराष्ट्रातही १६ जुलै २०२२ ला नागपूरजवळ खसाळा इथला राखेचा बंधारा पावसात फुटला आणि राख शेतांतून नदीकडे गेली. आमचं गाव ते नव्हे. पण त्या दिवशी बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो पावसाबद्दल नव्हता. "आपल्याकडचा बंधारा पाहून येतो," एवढं म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती.

९५.९५ टक्के

माझं रोजचं काम डॅशबोर्ड बनवण्याचं आहे. एखादा आकडा हिरवा दिसला की बैठकीत कुणी प्रश्न विचारत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे राखेचे सरकारी आकडे वाचताना मी जरा सावध होतो.

१९९४ मध्ये केंद्र सरकारने फ्लाय ॲश मिशन सुरू केलं. १४ सप्टेंबर १९९९ ला पर्यावरण मंत्रालयाची पहिली अधिसूचना निघाली. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्टीवाल्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळायची, केंद्रांनी ती दहा वर्षं फुकट द्यायची. पुढे ५० चे १०० किलोमीटर झाले, २०१६ मध्ये ३०० झाले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार १९९६-९७ मध्ये देशात ६.८९ कोटी टन राख निघाली, त्यातली फक्त ९.६३ टक्के वापरली गेली. २०२१-२२ मध्ये २७.०८ कोटी टन निघाली आणि ९५.९५ टक्के वापरली गेली.

ही प्रगती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. तुमच्या घराला गेल्या दहा-पंधरा वर्षांत वापरलेलं सिमेंट पीपीसी असेल तर त्यात भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख आहे. माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या भिंती राखेच्या हलक्या ब्लॉकच्या आहेत. खिळा ठोकला की करडी भुकटी पडते. तेवढी सुपीक माती वीटभट्टीत जायची वाचली.

पण आकड्याच्या आत पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात. पहिली: 'वापर' या शब्दात सिमेंट आणि विटा आहेत, तशीच सखल जमिनीत आणि बंद खाणींत टाकलेली राखही आहे. जागा बदलली की तो वापर. दुसरी: २०२१-२२ मध्ये जी चार टक्के उरली ती सुमारे १.१ कोटी टन होते. १९९६-९७ मध्ये सगळ्या देशाने वापरली होती ६६ लाख टन. म्हणजे २०२१-२२ मध्ये उरली तीच १९९६-९७ च्या सगळ्या वापराहून जास्त. तिसरी: टक्केवारी त्या वर्षी निघालेल्या राखेची असते. त्याआधी तळ्यांत साचलेली राख, जी दीडशे कोटी टनांहून अधिक असल्याचा अंदाज आहे, ती या हिरव्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन बग बंद होत आहेत, पण जुना ढीग मोजणीतूनच वगळला आहे.

आणि राख मुळात कमी निघावी म्हणून जो नियम होता त्याचं काय झालं? लांबच्या केंद्रांना ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा पाठवू नये, धुऊन पाठवावा, असा नियम १९९७ मध्ये झाला होता. मे २०२० मध्ये ती अट काढली गेली. सासनच्या बंधाऱ्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने मात्र जुन्या ढिगाची दखल घेतली. साचलेली राखही दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने वापरून संपवायची, नाही तर टनामागे हजार रुपये भरपाई. वाचून मला खरंच बरं वाटलं. मी ती अधिसूचना छापून दिवाळीला गावी घेऊन गेलो.

आमच्या तळ्यात आता राख सोडत नाहीत. ते भरलं आहे. वर वेडी बाभूळ माजली आहे. उन्हाळ्यात वावटळ सुटली की गावावर करडा पडदा येतो आणि बायका धावत जाऊन कपडे काढतात. एका कडेने पोकलेन लागले आहेत, बल्कर आणि टिप्पर राख भरून महामार्गाच्या कामावर नेतात. बाबा रोज संध्याकाळी फिरायला तिकडेच जातात. मी त्यांना अधिसूचनेचा अर्थ सांगितला: दहा वर्षं, टनामागे हजार रुपये. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् राख उचलली, त खाली आपलं वावर असंन का रे?"

मी कागद पुन्हा चाळला. राख कुठे द्यायची, कोणी न्यायची, दंड किती, सगळं त्यात आहे. खालची जमीन ज्याची होती त्याच्याबद्दलची ओळ मला सापडली नाही. कायद्याने पाहिलं तर प्रश्नच नाही, जमीन संपादित झाली, मोबदला दिला, विषय संपला. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ते मले माहीत आहे. मी नुस्तं विचारलं, माती असंन का?"

याचं उत्तर मला इंजिनिअर म्हणून देता यायला हवं होतं. तीस-पस्तीस वर्षं राखेच्या पाण्याखाली राहिलेल्या काळ्या मातीचं काय होतं, तिच्यात काय झिरपतं, हे मोजता येण्यासारखं आहे. त्यासाठी फक्त कुणीतरी खाली पोचेपर्यंत खणायला हवं आणि नमुना घ्यायला हवा. पोकलेनवाल्याला बाबा ओळखतात, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा आहे. पूर्वेच्या कडेला राख जवळजवळ तळापर्यंत उचलून झाली आहे, असं तो म्हणतो. मे महिन्यात जाईन तेव्हा डबा घेऊन जाणार आहे. आजीचा तो डालडाचा डबा अजून न्हाणीपाशी आहे, गंजला आहे, पण भरता येईल.